देवीचे तोंड आणि बाईचा शब्द
(गंगापूर रोड, नाशिक येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे एका शिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय तुमच्या ओळखीचा आहे. अंगात येणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला मास्तराची गरज नाही. नवरात्रात संबळाचा ठेका धरला की कोणाची तरी मान हलू लागते, केस सुटतात, आवाज बदलतो, आणि घरची माणसे हात जोडून म्हणतात, "आई, काय चुकलं ते सांग." कोणी याला वारे म्हणतो, कोणी संचार म्हणतो. जिच्या अंगात येते तिला काही गावी झाड म्हणतात. झाड म्हणजे देवीने बसायची जागा. हा शब्द ध्यानात ठेवा, कारण मला जे सांगायचे आहे ते पुष्कळसे या एका शब्दात आहे.

बाईच्या तोंडून देव बोलतो ही समजूत आपल्याच मुलखाची आहे असे मात्र कोणी मानू नये. युरोपात ग्रीस म्हणून देश आहे. अडीच हजार वर्षांमागे हा देश विद्येत फार पुढे गेलेला होता. सॉक्रेटिससारखा विचारी पुरुष तेथलाच. अशा शहाण्या लोकांच्या देशातसुद्धा राजे लढाईला निघण्यापूर्वी आणि शहरे नवी वसाहत करण्यापूर्वी एका बाईपुढे जाऊन उभी राहात. ती काय म्हणते ते ऐकून मग पाऊल टाकीत. त्या बाईची हकीकत आधी सांगतो, मग आपल्या घरात येतो.

ग्रीसमध्ये पार्नासस डोंगराच्या उतारावर देल्फी नावाचे क्षेत्र होते. तेथे अपोलो देवाचे देऊळ. या देवळात जी बाई देवाच्या वतीने बोले तिला पिथिया म्हणत. हे एका बाईचे नाव नव्हे, ते पद होते. एक गेली की दुसरी नेमीत. एकदा नेमली की जन्मभर ती देवाची, घरसंसार सुटला. क्षेत्राची भरभराट होती तेव्हा दोन पिथिया आळीपाळीने बसत आणि तिसरी हाताशी ठेवलेली असे. हिवाळ्याचे तीन महिने देव परगावी गेला असे समजत. उरलेल्या नऊ महिन्यांत दर महिन्याच्या सातव्या दिवशी ती तिवईवर बसे आणि लोक प्रश्न विचारीत.

प्रश्नाआधी बोकड आणीत आणि त्याच्या अंगावर गार पाणी शिंपडीत. बोकड थरथरला तर देव बोलायला राजी आहे, न थरथरला तर आज कौल नाही. हे ऐकून तुमच्यातले काहीजण हसले. हसण्यासारखेच आहे. आपल्याकडे बोकडावर पाणी टाकून त्याने अंग झाडण्याची वाट पाहतात, तीच ही रीत. कोठे देल्फी आणि कोठे आपला गावदेव! पण माणसाचे मन हजारो कोसांवरही सारखेच चालते.

आणखी एक रीत सारखी होती. प्रश्नासाठी दक्षिणा द्यावी लागे. ज्या शहरांनी देवळाची मोठी सेवा केली त्यांना रांगेत पुढचा मान मिळे. आणि नवल असे की, जेथे बाईच्या तोंडून देव बोले तेथे बाईला आत जाऊन प्रश्न विचारण्याची मनाई होती. तोंड बाईचे, कान मात्र पुरुषांचे.

आता ही पिथिया कोण असे? ती राजकन्या नव्हती. प्लुटार्क नावाचा ग्रीक लेखक सुमारे एकोणीसशे वर्षांमागे होऊन गेला. तो स्वतः देल्फीला पुजारी होता, म्हणून त्याचे म्हणणे घरच्या माणसाचे म्हणणे आहे. त्याने लिहून ठेवले आहे की, त्याच्या काळची पिथिया गरीब शेतकऱ्याच्या घरात वाढलेली होती आणि देवळात आली तेव्हा तिला कसली विद्या नव्हती की जगाचा अनुभव नव्हता. म्हणजे तुमच्याआमच्या घरातलीच मुलगी म्हणा. बड्या शहरांचे वकील जिच्यापुढे मान लववीत ती शेतकऱ्याची लेक होती.

तर मग या शेतकऱ्याच्या लेकीला या मानातून काय मिळाले? चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट नेमणुकीची. पूर्वी या जागी तरुण कुमारिका बसवीत. एकदा थेसली प्रांतातल्या एका माणसाने अशा मुलीला पळवून नेले आणि तिची अब्रू घेतली. तेव्हा देल्फीकरांनी नियम केला की यापुढे पन्नाशी उलटलेलीच बाई नेमायची, मात्र तिने पोशाख कुमारिकेचा घालायचा. गुन्हा पुरुषाने केला आणि नियम बाईला लागू झाला. हा न्याय आपल्या ओळखीचा आहे की नाही?

दुसरी गोष्ट लिडियाच्या क्रीसस राजाची. हा राजा अतिशय श्रीमंत. त्याने देल्फीला सोन्याचा सिंह आणि सोन्याच्या विटा वाहिल्या, आणि इराणच्या राजावर चाल करू का म्हणून विचारले. उत्तर आले की, तू चाल केलीस तर एक मोठे राज्य बुडेल. राजा खूष झाला, लढाईला गेला, आणि इ.स.पूर्व ५४६ च्या सुमारास त्याचेच राज्य बुडाले. त्याने गाऱ्हाणे केले तेव्हा सांगण्यात आले की, कोणते राज्य बुडेल हे तू विचारायला हवे होतेस. पाहा, अशा ठिकाणी भाकीत कधी चुकत नाही, विचारणारा मात्र नेहमी चुकतो. आणि वाहिलेले सोने काही परत येत नाही.

तिसरी गोष्ट लाचलुचपतीची. स्पार्टाचा राजा क्लिओमेनीज याला आपल्या जोडीचा राजा डेमरॅटस नको होता. डेमरॅटस हा खऱ्या बापाचा नव्हे असे देवाकडून वदवून घ्यायचे होते. देल्फीतला कोबोन नावाचा वजनदार गृहस्थ या कामी लागला आणि त्याने पेरिआल्ला नावाच्या पिथियाकडून तसे बोलवून घेतले. डेमरॅटसचे राज्य गेले. पुढे बिंग फुटले. कोबोनला देल्फी सोडून पळावे लागले, पेरिआल्लाचे पद काढून घेतले. डेमरॅटसला राज्य परत मिळाले नाही, आणि देवळात दुसरी बाई बसून कारभार पूर्ववत चालू राहिला.

चौथी गोष्ट सांगताना जीव कळवळतो. हीसुद्धा प्लुटार्कनेच लिहिली आहे. बाहेरगावचे वकील आले होते. बोकडावर पाणी टाकले, तो थरथरला नाही. म्हणजे आज कौल नाही. पण पाहुणे मोठे, त्यांना विन्मुख कसे धाडायचे? पुजाऱ्यांनी बोकडाला इतके पाणी ओतून भिजविले की अखेर तो कापलाच. पिथियाच्या मनात नव्हते, तरी तिला आत पाठविली. तिचा आवाज घोगरा झाला, ती भलतेच बोलू लागली, शेवटी भयंकर किंकाळी फोडून दाराकडे धावली आणि खाली कोसळली. वकील पळाले, पुजारीही पळाले. थोड्या वेळाने त्यांनी येऊन तिला उचलली. त्यानंतर ती थोडेच दिवस जगली. प्लुटार्कने तेथल्या पुजाऱ्याचे नाव लिहिले आहे, तो निकँडर. या बाईचे नाव मात्र त्याने लिहिले नाही.

आता राजेरजवाड्यांना सोडून गरिबांकडे या. ग्रीसच्या वायव्य भागात डोडोना नावाचे दुसरे क्षेत्र होते. तेथे झ्यूस देवाचा पवित्र ओक वृक्ष होता आणि तेथल्या पुजारणींना पारव्या म्हणत. लोक शिशाच्या पातळ पत्र्यावर आपला प्रश्न कोरीत. असे हजारो पत्रे जमिनीतून निघाले आहेत आणि विद्वानांनी ते वाचले आहेत. क्लिओटास नावाचा माणूस विचारतो, मेंढरे पाळली तर फायदा होईल का? आगिस नावाचा विचारतो, माझी पांघरुणे आणि उशा हरवल्या, की बाहेरच्या कोणी चोरून नेल्या? लिसानिआस विचारतो, ॲनिला जे मूल वागवीत आहे ते माझे आहे ना?

हे प्रश्न ऐकून तुम्हाला परके वाटले का? विहिरीला पाणी लागेल का, कांद्याला भाव मिळेल का, म्हैस कोणी नेली, पोरीचे लग्न कधी जमेल, हेच आपले प्रश्न. ज्याच्या पदरी धान्याचे कोठार आहे तो उद्याची भीती इतकी बाळगीत नाही. ज्याचे सारे वर्ष एका पावसावर आहे तो देवाला विचारणारच. त्यात त्याचा अडाणीपणा थोडा आणि त्याची गरज मोठी आहे. म्हणून कौल मागणाऱ्याला नुसते हसणे मला पसंत नाही.

आता आपल्या घरात येऊ.

कौलाच्या रीती आपल्याकडे नाना तऱ्हेच्या आहेत. कोकणात आणि गोव्यात देवाच्या अंगाला फुलांच्या पाकळ्या किंवा कळे लावतात आणि उजवा पडला की डावा, यावरून उत्तर काढतात. कोल्हापुराकडे पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेत फरांडे बाबा भाकणूक करतात. त्यात पाऊस कसा, पीक कसे, महागाई किती, हे सांगतात आणि धनगर समाज ते मोठ्या भक्तीने ऐकतो. वऱ्हाडात बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला धान्याची घटमांडणी करून दुसऱ्या दिवशी पहाटे वर्षाचा अंदाज सांगतात. ज्या घटात धान्य ठेवले त्याला पुढे कोणी दोष देत नाही की कोणी त्याची विटंबना करीत नाही. बाईच्या देहाचा घट केला म्हणजे मात्र प्रकरण निराळे होते.

येथे कोणी म्हणेल, अंगात येणे हे खालच्या, अडाणी जातींचे खूळ आहे. ते खरे नाही. चित्पावन ब्राह्मणांच्या घरी नवरात्रातल्या अष्टमीला महालक्ष्मी मांडतात. रात्री बायका घागरी फुंकतात, घागरी फुंकता फुंकता एखादीच्या अंगात देवी येते आणि मग तिला प्रश्न विचारतात. तेव्हा संचार जात पाहून येत नाही. पण संचार ओसरल्यावर जात दिसते. घागर फुंकणारी बाई दुसऱ्या दिवशी आपल्या घरी, आपल्या संसारात असते. यल्लम्माला वाहिलेल्या जोगतिणीला मात्र परतीची वाट ठेवलेली नव्हती.

बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माचे ठाणे आहे. मुलगी आजारी पडली, किंवा तिच्या केसांत जट आली, की देवीने बोलावणे धाडले असे सांगत आणि तिच्या गळ्यात देवीचे दर्शन म्हणजे मण्यांची माळ बांधीत. मग हातात परडी, सोबतीला चौंडके, डोक्यावर देवीचा जग आणि दारोदार जोगवा. तिकडे जेजुरीच्या खंडोबाला लहान मुलींचे लग्न लावून मुरळी करीत. अशी मुलगी देवाची म्हटली जाई. लोक तिच्या पाया पडत, तिच्या हातचा भंडारा घेत, तिच्या तोंडचा शब्द देवाचा मानीत. आणि रात्र झाली की तिच्याकडे कोण कोणत्या नजरेने पाही हे मी आयाबहिणींसमोर सांगत नाही. एवढेच विचारतो की, देवाला सोडलेल्या मुली बहुतेक सगळ्या महारामांगांच्या, गरीब शेतकऱ्यांच्या घरातल्याच का? ज्यांची तिजोरी भरलेली होती त्यांच्या पोरींना देवी का बोलावीत नव्हती?

ही गोष्ट आपल्या थोर पुरुषांच्या ध्यानात आली होती. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला तो याच तत्त्वावर की, निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको. १९०८ साली पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 'सोमवंशीय मित्र' हे पत्र काढले आणि मुरळ्या सोडण्याविरुद्ध लेखणी उचलली. त्याच पत्रात १९०९ साली शिवुबाई लक्ष्मण जाधव-सोनावणे या मुरळीने आपल्या स्वतःच्या नावाने पत्र छापविले आणि मुरळ्यांच्या हालअपेष्टा मांडल्या. माझ्या मते हे पत्र म्हणजे फार मोठी घटना आहे. जिच्या तोंडून इतके दिवस खंडोबाच बोलायचा, ती प्रथमच आपल्या तोंडाने बोलली, आणि खाली स्वतःचे नाव घातले. देल्फीच्या त्या बिचारीला हे साधले नव्हते.

पुढे शाहू महाराजांनी १९२० साली कोल्हापूर संस्थानात जोगतिणी-मुरळ्यांच्या प्रथेला कायद्याने आळा घातला. १९३४ साली मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला. १६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये डॉ. आंबेडकरांनी वाघ्या, पोतराज, देवदासी, जोगतिणी यांच्या सभेत, हे लाजिरवाणे जिणे सोडा, असे रोखठोक सांगितले. कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ सालच्या कायद्याने देवदासी सोडण्यास बंदी केली. पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. अंगात अचाट शक्ती आल्याचे भासवून लोकांना भीती घालणे, फसविणे, कोणाला चेटकीण ठरविणे, हे सारे त्यात गुन्हे आहेत. देवळात जाणे, जोगवा म्हणणे, वारी करणे यांना त्यात हात लावलेला नाही. कायदा देवाच्या आड येतो असे कोणी सांगेल तर ते ऐकू नका.

कायदे झाले. पण नुसत्या कायद्याने वारे थांबत नाही, म्हणून मुळाशी जाऊ. बाईच्या अंगात येते तरी का?

ग्रीसच्या बाबतीत विद्वानांनी पुष्कळ तर्क केले आहेत. देवळाखालच्या जमिनीतून कसला तरी वायू निघे आणि त्याने तिला भ्रम होई, असे काहींचे मत आहे. २००१ साली भूगर्भशास्त्रज्ञांनी तेथे जमिनीत भेगा आणि वायूच्या खुणा दाखविल्या, इतरांनी त्यावर शंकाही घेतली. ते असो. आपल्या बायकांना वायू लागत नाही. नऊ दिवसांचा उपास, रात्रीचे जागरण, संबळाचा एकसारखा ठेका, धुपाचा धूर आणि भोवती शंभर माणसांचे लागलेले डोळे, एवढ्यावर कोणाही माणसाचे भान हरपू शकते. पुष्कळजणी यात ढोंग करीत नाहीत. खरोखरीच त्यांना आपले भान नसते.

पण शरीराच्या कारणाखाली दुसरे एक कारण आहे. ते घरात आहे, आणि ते सांगण्यासाठीच मी उभा आहे. सून सासरी येते. ती म्हणते, माझ्या अंगात ताप आहे, आज रानात जाववत नाही. कोणी ऐकत नाही. ती म्हणते, नवरा दारू पिऊन मारतो. सासू म्हणते, आम्हीही खाल्लाच मार. ती म्हणते, पोरीला शाळेतून काढू नका. सासरा तिच्याकडे पाहतसुद्धा नाही. मग एके मंगळवारी तिच्या अंगात येते. केस मोकळे सोडून ती ओरडते, "या झाडाला त्रास द्याल तर बघा!" आणि काय चमत्कार! तोच सासरा पागोटे काढून पाया पडतो. तोच नवरा नाक घासतो. घरात पंधरा दिवस शांतता नांदते.

बंधूंनो, शब्द तोच होता. सुनेने सांगितला तेव्हा तो वाऱ्यावर गेला, देवीने सांगितला तेव्हा तो शिरसावंद्य झाला. मग मला सांगा, यात चमत्कार देवीचा की आपल्या बहिरेपणाचा? ज्या घरात बाईचे म्हणणे ऐकण्यासाठी देवीला यावे लागते, त्या घरात देवीला वारंवार यावेच लागणार. ही गोष्ट सुनेला कळते, तिच्या शरीरालाही कळते. आणि हा उपाय तिला महागात पडतो. देवी गेल्यावर ती पुन्हा झाडच राहते. झाडाला विचारून कोणी जमीन विकत नाही की पोरगी देत नाही.

यात आणखी एक धोका आहे. देवीचा शब्द प्रश्न विचारू देत नाही. आज तो शब्द सुनेला वाचवील, उद्या तोच शब्द शेजारणीवर उलटेल. अंगात आलेल्याने किंवा भगताने "अमकी डाकीण आहे" म्हटले की त्या बाईचे काय होते हे आपल्या जिल्ह्याच्या आणि नंदुरबारच्या डोंगरी भागातील लोकांना चांगले ठाऊक आहे. बहुतकरून ती विधवा असते, एकटी असते, आणि तिच्या नावे कोठेतरी जमिनीचा तुकडा असतो. क्रीससच्या सोन्याप्रमाणे येथेही कोणाचा तरी लाभ असतो. तेव्हा कोठेही कौल निघाला की पहिला प्रश्न विचारा, यात लाभ कोणाचा?

म्हणून चार कामाच्या गोष्टी सांगून मी तुमची रजा घेतो.

मुलीच्या डोक्यात जट आली तर ते देवीचे बोलावणे नव्हे. केस विंचरले नाहीत, धुतले नाहीत, की ते गुंततात आणि चिकटतात. तेल लावून सोडवा, न सुटले तर कापा. जटेच्या ओझ्याने मान दुखते, उवा होतात, वर्गात पोरे चिडवतात आणि पोरगी शाळेला यायची बंद होते, हे मी शिक्षक म्हणून पाहतो. पोरीला फेफरे येत असेल, ती दिवस दिवस गप्प बसत असेल किंवा एकटीच बोलत असेल, तर तिला दवाखान्यात न्या. देवाला नमस्कार करून न्या, पण न्या. कोणाच्याही अंगातून डाकिणीचे किंवा चोराचे नाव निघाले तर ते गावाने मानू नये, पोलीस पाटलाला कळवावे. आणि चौथी गोष्ट सर्वांत सोपी, तरी सर्वांत अवघड. घरातल्या बाईचे बोलणे ती शुद्धीवर असताना ऐका. बी कोणते पेरायचे, कर्ज काढायचे की नाही, पोरीला कोठपर्यंत शिकवायचे, हे तिला बसवून विचारा. सातबाऱ्यावर तिचे नाव लावा.

१९१४ साली स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचे कार्यालय याच गंगापूर रोडवर आहे. कुणब्याच्या पोराला अक्षर यावे म्हणून त्या काळी लोकांनी झोळी फिरविली. अक्षर कशासाठी? दुसऱ्याने आपल्या वतीने बोलू नये, आपले आपण बोलता यावे, यासाठी. पोरांनी ते बोलणे शिकून घेतले. आता पोरींची आणि सुनांची पाळी आहे. त्यांच्या अंगात देवी येवो न येवो, त्यांच्या तोंडात त्यांचा स्वतःचा शब्द राहू द्या, आणि तो ऐकायला आपण पुरुषांनी पागोटे काढून बसण्याची सवय करू या.